उन्हाची ॲलर्जी? आधी घड्याळ बघा

प्रश्न : माझं वय ३४. पाय मोडल्यामुळे पाच महिने घरातच होते. प्लास्टर निघालं, बाहेर पडायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत बाहेरच्या बाजूने आणि गळ्याखाली बारीक लाल पुटकुळ्या आल्या. सकाळी उन्हातून आले की संध्याकाळी चुरचुरायला लागतं, दुसऱ्या दिवशी उठतं. खाज इतकी की रात्री झोप नाही. चेहरा मात्र स्वच्छ. चार-पाच दिवसांत आपोआप गेलं; पुन्हा उन्हात गेले, पुन्हा आलं. एकदा तर गाडीच्या काचा बंद असूनही खिडकीकडच्या हातावर उठलं. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता झालीय, मैत्रीण म्हणते उन्हाची ॲलर्जी आणि इंटरनेटवर वाचलं तर ल्युपस, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते तो आजार! शिवाय डाव्या हाताच्या पाठीवर एक तपकिरी डाग आहे, ओघळ आल्यासारखा. आधी तिथे फोड होता, खाज अजिबात नव्हती, आग होती. त्याच्या दोन दिवस आधी अंगणात बसून पंधरा-वीस लिंबं पिळली होती, एवढंच आठवतं. गोळ्या मी कसल्याच घेत नाही. मला नक्की काय झालंय? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही हे होईल का?
— उन्हाला भ्यालेली

ताई, तुम्ही पत्र फार चांगलं लिहिलंय. ‘सकाळी ऊन, संध्याकाळी चुरचुर, दुसऱ्या दिवशी पुरळ’ ही माहिती माझ्यासमोर बसलेल्या माणसाकडून काढून घ्यायला मला दहा मिनिटं लागतात. बहुतेक जण म्हणतात, ‘उन्हात गेलं की होतं,’ आणि गप्प बसतात.

पुरळ पाहिली की त्वचेच्या डॉक्टरला सगळं कळतं असा एक समज आहे. उन्हाच्या तक्रारींत तरी तसं होत नाही. लाल पुटकुळ्या दहा आजारांत सारख्याच दिसतात. शिवाय अपॉइंटमेंट मिळेपर्यंत त्या गेलेल्या असतात आणि पेशंट स्वच्छ हात पुढे करून ओशाळवाणा हसतो. म्हणून मी आधी घड्याळ विचारते: उन्हात गेल्यावर किती वेळाने उठलं आणि उठल्यावर किती टिकलं? मग नकाशा: कुठे आलं आणि कुठे आलं नाही? पुरळ कशी दिसते हा प्रश्न त्यानंतरचा.

तुमचं घड्याळ काही तासांचं आहे आणि मुक्काम चार-पाच दिवसांचा. नकाशा म्हणजे हाताची बाहेरची बाजू आणि गळ्याखालचा त्रिकोण, चेहरा सुटलेला. हे वर्णन ज्या आजाराला चपखल बसतं त्याचं नाव पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन. नावाला घाबरू नका. उन्हामुळे उठणाऱ्या पुरळांमध्ये हाच सगळ्यात जास्त दिसतो, बायकांमध्ये अधिक दिसतो आणि बऱ्याचदा विशी-तिशीत सुरू होतो. अतिनील किरणांमुळे त्वचेतल्याच कुठल्या तरी घटकात बदल होतो आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला परका समजून अंगावर धावून जाते, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे. एरवी ऊन स्वतःच त्वचेतल्या या यंत्रणेला थोडं झोपवतं. काही जणांत ती पुरेशी झोपत नाही.

चेहरा का सुटला, याचं उत्तर तुमच्या पाच महिन्यांत आहे. घरात असतानाही चेहऱ्यावर खिडकीचा, दाराचा, गॅलरीचा उजेड रोज थोडा थोडा पडतच होता. तो सरावलेला राहिला. हात आणि गळा बाह्यांखाली, पदराखाली, पांघरुणाखाली होते. त्यांचा सराव सुटला आणि पहिल्याच उन्हाने त्यांना गाठलं. थंड देशांत नेमकं हेच वसंत ऋतूत घडतं. हिवाळाभर गुंडाळून ठेवलेले हात पहिल्यांदा उघडे पडतात आणि तिथे दर शंभरातल्या दहा ते वीस जणांना कमी-अधिक प्रमाणात ही पुरळ येते. उन्हाळा सरत जातो तशी ती बहुतेकांची कमीही होत जाते, कारण त्वचा पुन्हा सरावते. तुमचं प्लास्टर म्हणजे तुमचा हिवाळा होता, एवढंच.

गाडीच्या काचेचं कोडंही इथेच सुटतं. उन्हातल्या अतिनील किरणांचे आपल्या कामाचे दोन गट आहेत, यूव्ही-बी आणि यूव्ही-ए. ऊन लागून कातडी लाल होते, सोलते, ते मुख्यतः यूव्ही-बीमुळे. साधी काच त्याला अडवते. यूव्ही-ए मात्र साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतो. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्यामुळे तोही बराचसा रोखते, बाजूच्या काचांचा भरवसा नसतो. काचेआड बसूनही पुरळ उठली म्हणजे तुमची त्वचा यूव्ही-एला चिडते, हा अंदाज बांधायला हरकत नाही. सनस्क्रीन घेताना याचा उपयोग होईल.

आता सासूबाईंची ‘उष्णता’. त्यांना हसू नका, कारण उकाडा आणि उजेड यांची गल्लत डॉक्टरांकडूनही होते. घामोळं उकाड्याने येतं आणि ते कपड्याखाली, पाठीवर, काखेजवळ, जिथे घाम कोंडतो तिथे. तुमची पुरळ उघड्या भागावर आहे, म्हणजे घामोळं बाद. उष्णतेने अंगावर पित्त उठण्याचाही एक प्रकार आहे: चालून आलं, व्यायाम केला, घाम फुटला की टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधी उठतात आणि तासाभरात जिरतात. त्याची परीक्षा सोपी आहे. सूर्य मावळल्यावर कढत पाण्याने आंघोळ करा. तेव्हाही उठलं तर दोष उन्हाचा नाही. तुमचं चार दिवस मुक्काम करणारं प्रकरण या परीक्षेत बसत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचं तरी नक्की बसेल.

डाव्या हातावरचा डाग ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. योगायोगाने दोन्ही एकाच महिन्यात घडल्या म्हणून तुम्ही त्या एका दाव्याला बांधल्यात.

लिंबाच्या सालीत, सालीच्या तेलात, फ्युरोकूमारिन नावाची द्रव्यं असतात. नुसती अंगाला लागली तर ती काही करत नाहीत. पण ती त्वचेवर असताना यूव्ही-ए पडला की पेशी अक्षरशः भाजतात. आग आणि फोड लगेच येत नाहीत. साधारण एक दिवस जातो आणि दोन-तीन दिवसांत ते भरात येतात. त्यामुळे लिंबाची आठवण तोवर पुसलेली असते. तुम्ही हात पुन्हा नीट पाहा. डागाची वरची कड बोटांच्या पेराशी सुरू होऊन रस वाहत गेला त्या दिशेने मनगटाकडे निमुळती होते आहे ना? ॲलर्जी अशी ओघळत नाही, द्रव ओघळतो. डागाचा आकार ओघळाचा, शिंतोड्यांचा किंवा पंजाचा असला की मी पहिला प्रश्न लिंबाचा विचारते. लिंबाच्या हाताने पोराला उचललं आणि पोराच्या पाठीवर पाच बोटं उमटली, असंही होतं. अशा ठशांवरून मुलाला मारहाण झाल्याचा संशय घेतला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

अंजिराचा चीक, सेलरी, पार्स्निप, काही अत्तरांतलं बर्गमॉटचं तेल, सगळ्यांचा हाच खेळ. आणि ही ॲलर्जी नव्हे. पुरेसा रस आणि पुरेसं ऊन मिळालं तर कुणाचाही हात असाच भाजेल. गंमत अशी की याच भाजण्याचं औषध झालं. बावचीच्या बियांत सोरालेन असतं, तेही याच कुळातलं. कोडावर बावची लावून उन्हात बसायची रीत फार जुनी आहे. पुढे १९७४ मध्ये सोरालेन देऊन यंत्रातून मोजून यूव्ही-ए सोडायचा उपचार सोरायसिससाठी पुढे आला. त्यातला ‘मोजून’ हा शब्द महत्त्वाचा. बावचीचं तेल मनाने लावून उन्हात बसणारे अंगभर फोड घेऊन येतात.

‘गोळ्या मी कसल्याच घेत नाही’ हे वाक्य मी खरं धरून चालत नाही. राग मानू नका. हे मी सगळ्यांच्याच बाबतीत करते. पाय मोडला होता ना? मग दुखण्यावर चोळायला जेल दिलं असेल. त्याच्या ट्यूबवर केटोप्रोफेन हा शब्द आहे का, बघा. हे औषध त्वचेत मुरतं, आणि लावणं थांबवल्यानंतरही दोन आठवडे त्या जागेला ऊन दाखवू नये अशी सूचना असते, कारण तिथे जोरदार पुरळ उठू शकते. लोक गोळी म्हणजेच औषध समजतात. मलम, जेल, ताकदीच्या कॅप्सूल, झाडपाल्याचा अर्क त्यांच्या हिशेबात नसतात. मन उदास असताना घेतला जाणारा सेंट जॉन्स वर्टचा अर्कही उन्हाशी भांडतो.

खऱ्या गोळ्यांची यादी तर बरीच लांब आहे. मुरुमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाच्या गोळ्यांत जोडीला असणारी हायड्रोक्लोरोथायझाइड, वेदनाशामक नॅप्रोक्सेन आणि पायरॉक्सिकॅम, हृदयाचे ठोके नीट ठेवणारी ॲमिओडॅरोन, बुरशीवरची व्होरिकोनाझोल. यांची प्रतिक्रिया पुटकुळ्यांपेक्षा भाजल्यासारखी जास्त असते: नेहमीच्या तेवढ्याच उन्हात नाक, कपाळ, हातांची पाठ लालबुंद. डॉक्सिसायक्लिनमध्ये कधी कधी नखं खालून सुटतात आणि दुखतात. तुमचा चेहरा स्वच्छ आहे, त्यामुळे गोळीवर माझा संशय कमी आहे. पण घरातली सगळी पाकिटं आणि ट्यूबा एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. आणि यादीत रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी सापडली म्हणून कुणी ती परस्पर बंद करू नये. उन्हापासून हात झाकता येतो, रक्तदाब झाकता येत नाही.

कधी कधी उपायच अपाय होतो. सनस्क्रीन लावल्यावर पुरळ वाढली, लावली नाही तेवढ्या भागावर कमी, असं दिसलं तर त्यातल्या ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टोक्रिलीनसारख्या द्रव्याची प्रकाश-ॲलर्जी असू शकते. ती एक-दोन दिवसांनी उठते आणि हळूहळू झाकलेल्या भागापर्यंत सरकते. दुसरा प्रकार मला रोज दिसतो आणि रोज चीड आणतो: चेहरा उजळ व्हावा म्हणून महिनोन्‌महिने लावलेली स्टेरॉइडवाली क्रीम. कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि दारात पाऊल टाकताच चेहऱ्याची आग होते. पेशंट म्हणतो, ‘मला ऊन सोसत नाही.’ पर्समधून ती ट्यूब निघाली की निदान संपतं.

नकाशाबद्दल थोडं अजून. पुरळ अंगावर असेल तेव्हा आरशासमोर हनुवटी वर करा. हनुवटीच्या सावलीतला तुकडा, कानामागची जागा, वरच्या पापण्या, घड्याळाच्या पट्ट्याखालची फिकट रेघ, ही आपल्या अंगावरची कायमची सावली. तिथे पुरळ नसेल तर दोष उजेडाचा. तिथेही असेल तर काहीतरी हवेतून येऊन अंगावर बसतंय: गाजरगवताची धूळ, एखादा फवारा, अत्तर. उजेड कोपऱ्यात शिरत नाही, धूळ शिरते. गाजरगवताच्या जुन्या ॲलर्जीतून पुढे खरोखरच उन्हाची चीड सुरू झालेले, बहुधा उतारवयातले पुरुष असतात आणि त्यांचे हाल फार होतात. पण ते तुमचं प्रकरण नाही.

मग ल्युपस. तुमची रात्रीची झोप खाजेने कमी आणि या शब्दाने जास्त उडाली असणार. ल्युपसचं घड्याळ संथ आहे. उन्हानंतर पुरळ उठायला कित्येक दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही, आणि उठल्यावर ती आठवडेच्या आठवडे हलत नाही. चार दिवसांत आवरून जाणं हा त्याचा स्वभाव नाही. त्यात बहुधा चेहरा सुटत नाही, उलट दोन्ही गालांवर आणि नाकावरून फुलपाखरासारखा पट्टा येतो, नाकाच्या कडेच्या घड्या मात्र सोडून. हातांवर तो बोटांच्या सांध्यांमधल्या जागेत बसतो. नेमका सांध्यांवरच जांभळट थर, पापण्यांवर जांभळी छटा आणि जिना चढताना मांड्या भरून येणं, असं असेल तर तो आणखी वेगळा, स्नायूंचा आजार, डर्मॅटोमायोसायटिस. सांधे सुजणं, तोंडात वारंवार छाले, केसांचे पुंजके गळणं, कारण नसताना ताप, यातलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही. तरीही वारंवार उठतंय म्हणून डॉक्टर एकदा एएनए ही रक्ततपासणी करतील आणि ती करावी. निकाल थोडासा पॉझिटिव्ह आला तर लगेच रडू नका. निरोगी माणसांतही तो तसा येतो. त्यापुढच्या तपासण्या आणि लक्षणं मिळूनच निदान होतं.

तुमचं नसलेलं, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही असं एक घड्याळ मिनिटांचं आहे. उन्हात पाच-दहा मिनिटांत गांधी उठल्या आणि सावलीत आल्यावर एक-दोन तासांत जिरल्या, तर ते उन्हाचं पित्त. अंगाचा मोठा भाग एकदम उन्हात आला, पोहायला उतरताना वगैरे, तर चक्कर येऊ शकते, श्वास अडकू शकतो. ओठ सुजले, घसा आवळला तर थेट इस्पितळ गाठायचं. आणि दुसरं, लहान मुलांचं. उन्हात गेलं की मूल काही मिनिटांत रडतं, हात चोळतं, गार पाण्यात बुडवून ठेवतं, आणि हातावर दिसत मात्र काहीच नाही. थोडी सूज, कधी तीही नाही. अशा मुलांना वर्षानुवर्षं ‘नाटकी’ म्हटलं जातं. त्यातल्या काहींना प्रोटोपॉर्फिरिया नावाचा जन्मजात आजार असतो. रक्तातलं एक द्रव्य साठतं आणि ते डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या-जांभळ्या उजेडानेच पेटतं, त्यामुळे नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन निरुपयोगी ठरतं आणि खिडकीची काचही. एक रक्ततपासणी मागितली की सापडतो. ती मागायचं सुचावं लागतं. प्रौढांमध्ये याच घराण्यातला दुसरा आजार हातांच्या पाठीवर फोड आणतो. कातडी इतकी नाजूक होते की खिशात हात घालतानाही सोलवटते. त्यामागे यकृत, दारू, लोह किंवा हिपॅटायटिस सी शोधावा लागतो.

जीवनसत्त्वाची कमतरताही असं करते. स्पेनमधले डॉक्टर गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये गरीब शेतकऱ्यांच्या गळ्याभोवती माळेसारखा उठणारा काळपट खरखरीत पट्टा पाहिला. आजही त्याला कासालची माळ म्हणतात. दोष उन्हाचा वाटत होता, मूळ आहारात होतं, आणि नायसिन या ब-गटातल्या जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण पक्कं व्हायला १९३७ उजाडलं. हा आजार, पेलाग्रा, आज दिसतो तो बहुधा दारूच्या आहारी गेलेल्यांत, किंवा क्षयाची आयसोनियाझिड घेणाऱ्या कुपोषित माणसांत.

आता करायचं काय? पुढच्या वेळी उठेल तेव्हा फोटो काढा, जवळून एक आणि लांबून एक, म्हणजे नकाशा दिसेल. उन्हात गेल्याची वेळ आणि उठल्याची वेळ लिहून ठेवा. ही दोन कागदं तुमच्या रक्ताच्या अहवालांइतकीच मोलाची आहेत. खाजेसाठी डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतील. ते पाच-सात दिवसांचं पाहुणं समजा आणि गळ्यावरून चेहऱ्यावर नेऊ नका. ॲलर्जीची गोळी खाज थोडी कमी करते, पुरळ थांबवत नाही.

झाकण्यासारखा उपाय नाही. बाहीचं कापड उजेडासमोर धरा. पलीकडची बोटं दिसली तर ती बाही नावाचीच. सनस्क्रीन घेताना एसपीएफचा आकडा बघून फसू नका, तो मुख्यतः यूव्ही-बीचा हिशेब आहे. तुम्हाला यूव्ही-ए अडवणारं, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं हवं. आणि ते कंजूषपणे लावून चालत नाही. चेहरा आणि मान यांना दोन बोटांवर मावेल एवढी लांब पट्टी लागते, हातांना वेगळी. दर दोन तासांनी पुन्हा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेवढी वेळ शक्यतो टाळा.

पण घरात कोंडून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी हेच पुन्हा. एएनए स्वच्छ आला की सकाळच्या कोवळ्या उन्हात हात काही मिनिटं उघडे ठेवायचे आणि आठवड्या-आठवड्याने वेळ थोडी वाढवायची, अशी सवय डॉक्टरांना विचारून लावता येते. फारच त्रास असेल तर हंगामाच्या आधी यंत्राखाली मोजून किरण देऊन त्वचा सरावून घेतात. आणि पाच महिने सावलीत काढलेत, त्यामुळे डी जीवनसत्त्व तपासून घ्या. हाड जुळतंय, तेव्हा ते एरवीही हवंच.

लेकीबद्दल: हा संसर्ग नाही, तुमच्या हातातून तिच्या हाताला लागणार नाही. काही घराण्यांत हा कल दिसतो, त्यामुळे तिला पुढे होणारच नाही असं मी म्हणणार नाही. झालं तर तुम्ही ते पहिल्या दिवशी ओळखाल. तिला खेळू द्या. लिंबाच्या डागावर मात्र काहीही चोळू नका, दगड नको, ब्लीच नको आणि लिंबू तर नकोच. तो झाकून ठेवा. काही आठवड्यांत फिकट व्हायला लागेल, पूर्ण जायला काही महिनेही लागतील. यापुढे लिंबं आत बसून पिळा आणि उठताना हात कोपरापर्यंत साबणाने धुवा.